गाजर गवत, घाणेरी आणि आवक क्रमांक

पत्र :

«आमच्या वसाहतीशेजारी, टेकडीच्या पायथ्याला महापालिकेचं उद्यान आहे. रोज सकाळी आम्ही सातआठ जणी तिथे फिरायला जातो. गेल्या दोन पावसाळ्यांत तिथे गाजर गवत इतकं माजलं की पायवाटेच्या दोन्ही बाजूंना भिंतीच उभ्या राहिल्या. मागच्या कुंपणाला घाणेरीचं रान आणि कुंपणापलीकडे टेकडीच्या उतारावर ते केशरी फुलांचं कॉसमॉस. मला हातांवर आणि मानेवर खाज सुटते, ती वेगळीच. मागच्या ऑक्टोबरात मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली : 'उद्यानात विषारी झाडे वाढली आहेत, त्वरित कारवाई करावी.' चार दिवसांत माणसं आली, मशीनने सगळं कापून गेली, आणि तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. दिवाळीनंतर पाहते तर तेच गवत वीतभर उंचीवर पुन्हा फुललेलं! आता पावसाळा तोंडावर आहे. तक्रार करायची तर कुणाकडे आणि कशी? आमच्यातली एक म्हणते, कॉसमॉसला हात लावू नका, किती छान दिसतं, मधमाश्या येतात. दुसरीचे यजमान म्हणतात, खडेमीठ टाका नाहीतर शेतातलं तणनाशक मारा, एका रविवारात निकाल. आणि तिथला माळी मला पाहिलं की दुसऱ्या वाटेला लागतो. काय करू?»

– एक रोजची फिरणारी

(शहराचं आणि उद्यानाचं नाव मुद्दाम गाळलं आहे.)

उत्तर :

ताई,

चार दिवसांत माणसं आली, म्हणजे तुमची तक्रार खात्यापर्यंत नीट पोचली होती. आपल्याकडे हा वेग थोडाथोडका नाही. अडचण तक्रारीच्या मजकुरात होती. 'विषारी झाडे वाढली आहेत, त्वरित कारवाई करावी' हे वाचून खात्यातल्या माणसाला एकच गोष्ट कळते : काहीतरी वाढलंय, कापून टाका. त्यांनी कापलं. आणि ऑक्टोबरात गाजर गवत कापणं म्हणजे त्याच्या पेरणीला हातभार लावणं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. गाजर गवत जूनच्या पहिल्या पावसांत उगवतं. सुरुवातीला जमिनीलगत पानांचं चक्र पसरतं, अगदी गाजराच्या पाल्यासारखं. मग मधून दांडा वर येतो आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात बारीक पांढरी फुलं दिसू लागतात. एक चांगलं पोसलेलं झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देतं. बी इतकं बारीक आणि हलकं की वारा, वाहतं पाणी, बुटाचे तळवे, गाडीची चाकं, बैलाचे खूर, कशाबरोबरही जातं. फुलोऱ्यातलं झाड वरून छाटलं की खालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात आणि ते बुटकं राहून पुन्हा फुलतं. तुम्ही दिवाळीनंतर पाहिलंत ते हेच. बी धरल्यानंतर छाटलं तर मशीनचं पातंच ते बी पायवाटेभर उडवतं. ओल असेल तिथे एका वर्षात या गवताच्या एकामागून एक पिढ्या होतात. उद्यानातल्या गळक्या नळाशेजारी ते एप्रिलातही हिरवंगार दिसतं ना, ते त्यामुळे.

म्हणजे खरी वेळ कोणती? जुलै. पाऊस मुरलेला, जमीन मऊ, झाड हातभर वाढलेलं, पण अजून फुलावर न आलेलं. तेव्हा ते मुळासकट सहज निघतं आणि बी नसल्यामुळे खतासाठी खड्ड्यात टाकलं तरी चालतं. उशिरात उशिरा ऑगस्टचा पहिला आठवडा. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. माझ्या मते आपल्या भागासाठी ही तारीख थोडी उशिराचीच आहे, पण सप्ताह म्हटलं की सरकारी कार्यालयांत बॅनर लागतो, फोटो निघतात, साहेब येतात. तुमच्या अर्जात त्या सप्ताहाचा उल्लेख जरूर करा आणि काम मात्र त्याआधी मागा.

जाता जाता एक गोष्ट. या गवताची भारतातली प्रसिद्ध नोंद पुण्याचीच आहे. १९५५च्या सुमाराला ते तिथल्या उकिरड्यांवर दिसलं आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून छापून आलं. पीएल-४८०च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदत करारातल्या, गव्हातून आलं, असं आपण सगळेच छातीठोकपणे सांगतो. पण भारताचा तो करार १९५६च्या ऑगस्टमधला. अमेरिकेतून गहू त्याआधी, १९५१च्या मदतीतही आला होता, त्यामुळे धान्यातून आलं असणं शक्य आहे, फक्त त्याचं खापर ज्या कराराच्या नावावर फुटतं तो करार तेव्हा झालेलाच नव्हता. असो. पुढे १९७५ साली कर्नाटकाने त्याला कायद्याने उपद्रवी तण जाहीर केलं. गवताने त्या कायद्याची फारशी दखल घेतल्याचं दिसत नाही.

आता अर्ज. ॲपवर तक्रार करा, पण तेवढ्यावर थांबू नका. ॲपवरची तक्रार 'निकाली' काढायची कुणाला तरी घाई असते. कागद मात्र फाइलला लागतो. उद्यान अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाला द्या, आणि दोन्ही ठिकाणी तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. विषयाच्या ओळीतच काम आलं पाहिजे. 'उद्यानातील अस्वच्छतेबाबत' असं लिहिलंत तर अर्ज घनकचरा विभागाकडे जाईल. असं लिहा :

«विषय : उद्यानातील गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी मुळासकट काढण्याबाबत.

महोदय, वरील उद्यानात पूर्वेकडील प्रवेशद्वारापासून खेळण्याच्या जागेपर्यंत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना अंदाजे १५० फूट लांब व ६ फूट रुंद पट्ट्यात गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) वाढते. सोबत फोटो व नकाशावरील स्थान जोडले आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते यंत्राने कापण्यात आले, परंतु फुलोऱ्यानंतर कापल्यामुळे पुन्हा उगवले. या वर्षी दि. १० ते ३१ जुलै या काळात ते हाताने मुळासकट उपटावे व ऑगस्टअखेरीस त्याच पट्ट्यात दुसरी फेरी करावी. बी धरलेली झाडे यंत्राने कापू नयेत. काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना हातमोजे व मास्क द्यावेत. काम सुरू होण्याची तारीख कृपया कळवावी.»

लांबी-रुंदी तुम्ही तुमची घाला, पावलांनी मोजली तरी पुरे. या मजकुरात 'विषारी' नाही, 'भयंकर' नाही, 'नागरिक त्रस्त' नाही. कोणती वनस्पती, कुठे, किती, केव्हा, काय करायचं, एवढंच आहे. असा कागद हातात आला की कनिष्ठ अभियंता असो की उद्यान निरीक्षक, त्याला तो मुकादमापर्यंत जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. आणि शेवटची ओळ विसरू नका. तारीख मागितलीत की पुढच्या खेपेला विचारायला काहीतरी हातात असतं.

फोटो काढताना लांबून हिरवा पसारा काढू नका, त्यातून कुणालाच काही ओळखू येत नाही. एका झाडाचा पूर्ण फोटो, एक पानाचा, एक फुलाचा, शेजारी पेन किंवा चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळतो. एक फोटो असा की मागे उद्यानाची पाटी, बाक, दिव्याचा खांब, असं काही ओळखीचं दिसेल. हेच फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या झाडाप्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाकलेत तर तिथली जाणकार मंडळी ओळख पक्की करून देतात आणि तारखेसह नोंद राहते. अर्जाला त्या नोंदीचा दुवा जोडा. 'मला वाटतं हे गाजर गवत आहे' यापेक्षा त्याला वजन येतं.

अर्ज कुणाकडे, हा तुमचा प्रश्न जितका साधा वाटतो तितका नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या तीन वनस्पती बहुधा दोन मालकांच्या जागेत आहेत. कुंपणाच्या आत उद्यान विभाग. कुंपणापलीकडचा उतार वनखात्याचा असेल तर महापालिका तिथे खुरपंही चालवू शकत नाही, तिथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचं. काही टेकड्यांचे तुकडे खासगी किंवा संस्थांच्या मालकीचेही असतात. तलाठ्याकडे सातबारा किंवा नगर भूमापन कार्यालयात मिळकतपत्रिका पाहिली की जागा कुणाची ते कळतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात एक पावसाळा जातो, त्यापेक्षा बरं.

शिवाय एक तिसरं दार आहे, जे फार कमी लोक ठोठावतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. अनेक ठिकाणी ही समिती कागदावर असते. तरी तिलाही अर्जाची एक प्रत द्या. कागदावरच्या समितीलाही पत्र आलं की बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढते.

घाणेरीचा विषय वेगळा आहे, आणि तिथे तुमच्या उत्साहाला मी जरा लगाम घालणार आहे. घाणेरी म्हणजे टणटणी, मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली. इंग्रजांच्या काळात शोभेचं कुंपण म्हणून आली आणि आज देशभरातल्या जंगलांत तिचं रान माजलं आहे. जनावरांनी खाल्ली तर यकृताला बाधते, उन्हात कातडी सोलवटते. ती हटवायलाच हवी. पण तुमच्या कुंपणालगतच्या त्या जाळीत आत्ता, उन्हाळ्याच्या शेवटी, बुलबुल आणि सातभाई घरटी करून बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. जेसीबी लावून एका दुपारी सगळं साफ करा असं कुठेही लिहू नका. एक तर घरटी जातील, आणि उघडी पडलेली, उकरलेली जमीन म्हणजे गाजर गवताला आमंत्रणच.

घाणेरी वरून कापली की दुप्पट फुटते, हे तुम्ही पाहिलंच असेल. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात एक पद्धत वापरून दाखवली आहे. झुडपाचं मुख्य मूळ जमिनीच्या जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर खाली तोडायचं, कारण फुटवा येतो तो त्याच्या वरच्या भागातून. मग सगळी जाळी उलटी करून ठेवायची, मुळं आकाशाकडे, म्हणजे ती पुन्हा धरत नाही. खणून काढायची गरज नाही, माती फारशी हलत नाही. नंतर दोनतीन वर्षं आजूबाजूच्या मोठ्या झाडांखाली लक्ष ठेवायचं, कारण पक्षी घाणेरीची काळी फळं खाऊन फांदीवर बसतात आणि रोपं तिथेच खाली उगवतात. मोकळ्या झालेल्या जागी लगेच स्थानिक गवत आणि झुडपं लावायची. आपल्या टेकड्यांवर पवना, मारवेल, कुसळी, आमोणी, करवंद, मेडशिंगी, जे मूळचं असेल ते. तेव्हा घाणेरीसाठी अर्ज वेगळा करा, टप्प्याटप्प्याने आणि घरटी तपासून काम करावं असं लिहा, आणि जागा रिकामी ठेवू नये हे त्यात आवर्जून घाला.

करवंदाचं नाव घेतलं ते उगाच नाही. अर्ज करायच्या आधी तुमच्या त्या मागच्या कुंपणाजवळ एकदा कुणा जाणत्याला घेऊन चक्कर मारा. घाणेरीच्या जाळीत करवंदाची जाळीही गुंतलेली असते आणि 'काटेरी झुडपं काढा' असा आदेश गेला की दोन्ही जातात. तीच गत उतारावरच्या पिवळ्या फुलांची. भाद्रपद-आश्विनात सह्याद्रीच्या उतारांवर फुलते ती सोनकी आपली, इथलीच. लहान, पिवळीधमक, बुटकी. कॉसमॉस तिच्यापेक्षा उंच, फूल मोठं, केशरी-पिवळं, पाकळ्या रुंद आणि टोकाला कातरलेल्या, पानं झेंडूसारखी चिरलेली. एकाच्या नादात दुसरीला उपटणारे स्वयंसेवक असतात.

आणि परदेशी म्हणजे वाईट असंही मनात धरू नका, नाहीतर उद्या तुम्ही गुलमोहराविरुद्ध अर्ज कराल. गुलमोहर मादागास्करचा, चिंच आफ्रिकेची, पेरू आणि मिरची अमेरिकेतली, काजू पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. यातलं कुणी टेकडीवर चढून गवताची जागा बळकावत नाही. प्रश्न आहे तो माणसाने लावलं नसताना आपण होऊन पसरणाऱ्या आणि इथल्यांना हुसकून लावणाऱ्या वनस्पतींचा. सुबाभूळ हे त्याचं ठळक उदाहरण. एके काळी सरकारनेच प्रचार करून ती लावायला सांगितली.

आता तुमच्या मैत्रिणीचं कॉसमॉस. तिचं म्हणणं खोटं नाही. ते सुंदर दिसतं, मधमाश्या येतात, फुलपाखरंही येतात. मूळचं मेक्सिकोचं हे झाड बागेत शोभेला आणलं आणि आता शहराजवळच्या कितीतरी टेकड्यांवर, महामार्गांच्या कडेला सप्टेंबरात त्याचे ताटवे दिसतात. पण ज्या उतारावर त्याचा केशरी गालिचा दिसतो, तिथे त्याआधी काय होतं ते तिला विचारा. बुटकी गवतं, जमिनीवरची ऑर्किडं, तेरडा, सोनकी, अशी पावसाळी वनस्पतींची सरमिसळ तिथे असायची आणि प्रत्येक आठवड्याला वेगळं काही फुलायचं. त्या प्रत्येकावर येणारे किडे वेगळे. कॉसमॉस कमरेइतकं वाढतं आणि या सगळ्यांवर सावली धरतं. फोटोत एकच रंग दिसतो, तो खाली दुसरं काही उरलं नाही म्हणून.

तरीही भांडण नको. मैत्रिणीला तिच्या गॅलरीतल्या कुंडीत कॉसमॉस लावू दे, बी सुकायच्या आत फुलं खुडू दे, आणि 'निसर्गाला परत' म्हणून बिया टेकडीवर उधळू नको एवढंच सांगा. त्याच्या बिया लांब सुईसारख्या असतात, टोकाला बारीक काटे. नोव्हेंबरात टेकडीवरून येणाऱ्याच्या मोज्यात त्या अडकतात आणि पुढच्या उतारावर गळतात. म्हणून उद्यानाच्या फाटकाशी मोजे आणि चपला झटका, बाहेर नाही, आत नाही, फाटकाशेजारच्या कचराकुंडीत. जूनमध्ये सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकायला जाणाऱ्या मंडळींनाही, बॉलमध्ये कोणतं बी आहे हे आधी विचारत जा.

कॉसमॉस वर्षायू आहे, बी पडू दिलं नाही तर दोनतीन हंगामांत त्याचा जोर ओसरतो. गाजर गवतासारखंच ते फुलायच्या आत, ऑगस्टात, हाताने निघतं. वनखात्याची परवानगी घेऊन टेकडीवर उपटायचे कार्यक्रम करणारे गट काही शहरांत आहेत. तुमच्याकडे नसेल तर तुमची सातआठ जणींची टोळी पुरेशी आहे.

यावरून तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. आपण स्वतः उपटावं का? उद्यानात 'पाने-फुले तोडू नयेत' ही पाटी असते आणि तुम्ही समाजकार्य करत असलात तरी पहारेकऱ्याच्या दृष्टीने तुम्ही पाने-फुलेच तोडत असता. म्हणून अर्जातच एक ओळ घाला की श्रमदान करायची आमची तयारी आहे, तारीख आणि परवानगी द्यावी. परवानगी मिळाल्यावरही फक्त गाजर गवत आणि कॉसमॉससारखी कोवळी, हाताने निघणारी झाडं. सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या खोडाला कुऱ्हाड, करवत, साल सोलणं, काही म्हणजे काही नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा स्वतंत्र कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं, जाळणं, त्याला इजा करणं हे त्यात बसतं. झाड परदेशी होतं हा बचाव तिथे चालत नाही.

तुम्ही स्वतः मात्र त्या श्रमदानात हात घालू नका. हे मी काळजीने सांगते. हाताला आणि मानेला, म्हणजे उघड्या राहणाऱ्या भागाला, त्याच ऋतूत खाज येत असेल तर गाजर गवताची ॲलर्जी असू शकते. ती हवेतून उडणाऱ्या कणांनीही होते आणि दर वर्षी वाढत जाऊ शकते. त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, उद्यानातल्या गवताबद्दल त्यांना आपणहून सांगा, ते पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्टी लावून करतात ती ॲलर्जीची चाचणी, करायची की नाही ठरवतील. तोपर्यंत पूर्ण बाह्यांचा कुर्ता, घरी आल्यावर साबणाने हातपाय-मान धुणं, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत फिरायला दुसरी वाट. तुमचं काम फोटोचं, अर्जाचं, आवक क्रमांकाचं. उपटणाऱ्या बाकीच्या जणींनीही जाड हातमोजे, मास्क आणि बंद बूट वापरावेत. झाडं फुलावर आली असतील तर ओढताना झटकायची नाहीत, पिशवीत भरून महापालिकेच्या गाडीकडे द्यायची, ढिगात ठेवायची नाहीत.

आणि त्या यजमानांना सांगा, मीठ स्वयंपाकघरातच राहू द्या. मिठाने गाजर गवताबरोबर तिथली मातीही मरते, आणि पाऊस ते मीठ शेजारच्या झाडाच्या मुळाशी नेतो. तणनाशकाचं तर बोलूच नका. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांनीच करावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये काढली. जिथे लहान मुलं गवतात लोळतात आणि कुत्री पानं हुंगतात, तिथे रविवारी पहाटे पाठीवर पंप बांधून जाणारा गृहस्थ सोमवारी पोलीस चौकीत असेल, आणि माझी सहानुभूती पोलिसांना असेल.

गाजर गवताच्या पानांवर पांढुरके आणि पाठीवर गडद रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर ते मात्र मारू नका, कुणाला मारू देऊ नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, या गवतावर सोडण्यासाठीच १९८०च्या दशकात मुद्दाम आणलेले. पावसाळ्यात पानं कुरतडून झाडाची चाळण करतात. त्यांच्यावर सगळं सोपवता येत नाही, कारण त्यांची संख्या वाढेपर्यंत बरीच झाडं फुलून जातात. पण दिसले तर अर्जात तेही नोंदवा. आणि उपटलेल्या जागी टाकळ्याचं बी टाका. टाकळा दाटीने वाढतो, गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. उद्यानातला नको मात्र, तिथे सकाळी कुत्री फिरतात.

राहता राहिला माळी. ताई, तो तुम्हाला का टाळतो याचा विचार करा. तो बहुधा महापालिकेचा नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस आहे. ठेक्यात 'गवत कापणे' असं काम लिहिलेलं असतं, 'गाजर गवत मुळासकट उपटणे' असं नसतं. मशीनचं पेट्रोल मिळतं, उपटायला माणसं मिळत नाहीत. तुमच्या तक्रारीनंतर साहेबाचा फोन ठेकेदाराला गेला, ठेकेदाराचा त्याला. ऑक्टोबरच्या उन्हात हातमोजे नसताना त्याने ते सगळं कापलं, आणि खाज त्यालाही सुटली असेल. पुढच्या वेळी अर्ज देण्याआधी त्याच्याशी बोला. कुठे आधी उगवतं, पाणी कुठे साचतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्याने दाखवलेली जागा अर्जात घाला, त्याचं नाव घालू नका.

त्या ठेक्याचा कागद पाहायचा असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर उद्यानाच्या देखभालीचा कार्यादेश आणि कामांची यादी मागता येते, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आत्ता मेअखेरीस अर्ज टाकलात तर जूनअखेर हातात येईल. यादीत गाजर गवताचा उल्लेख नसेल तर पुढच्या निविदेत 'जुलैत व ऑगस्टअखेर दोन फेऱ्या, मुळासकट' अशी अट घालावी, एवढी एकच मागणी घेऊन अधीक्षकांना भेटा. त्याच भेटीत आणखी एक विचारा : विभागाच्या रोपवाटिकेतून शहरभर काय लावलं जातं? रस्त्यांच्या दुभाजकांवर लँटानाच्या, म्हणजे घाणेरीच्याच, शोभिवंत जाती आणि बागांत पिवळ्या फुलांचं वेडेलिया सर्रास लावतात. तेच वेडेलिया जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत आहे. एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने लावायचं, असं चाललेलं असतं, आणि बहुतेक वेळा दोन्ही हातांना एकमेकांचं माहीत नसतं.

अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक घेऊन पुन्हा जा. जुलैत काहीच हालचाल दिसली नाही तर लोकशाही दिन आहे, महापालिकेत तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि तिथे तक्रार मांडली की संबंधित अधिकाऱ्याला समोर उभं राहावं लागतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारचा अर्ज आधी द्यावा लागतो, तेव्हा त्याची तयारी जूनमध्येच करून ठेवा. सोबत मागच्या ऑक्टोबरातला 'निकाली' मेसेज आणि दिवाळीनंतरचा फुललेल्या गवताचा फोटो, दोन्ही एकाच पानावर छापून न्या.